बोथट टोकाची कात्री

मी माणसं मागून ओळखते. घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे आणि बायकांचे केस कापण्यात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं आहे. चेहरा एक वेळ विसरेन, पण मानेवरचा भोवरा विसरत नाही. रस्त्यात पुढे चाललेली बाई घरात भांडून निघालीय की नुसतीच उशीर झाल्यामुळे घाईत आहे, तेही मला मानेवरून कळतं. ही बढाई नाही, धंद्याची खोड आहे. आणि एवढं असून माझ्या स्वतःच्या नातीच्या डोक्याला हात लावायची मला बंदी होती.

नात पाच वर्षांची. आईबापांनी तिचं नाव पुस्तकं धुंडाळून ठेवलं, पण घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. सगळे ठिणगी म्हणतात. नाकाच्या शेंड्यावर राग आणि ओठांवर ‘का?’ घेऊनच ती जन्माला आली. माझ्यावर गेलीय असं माझी लेक म्हणते. मी ते नाकारत नाही.

सुट्टीत ठिणगी बागेतल्या घसरगुंडीवरून पडली ती थेट सिमेंटच्या कडेवर. उजव्या कानाच्या वर चांगली खोक पडली. दवाखान्यात दोघांनी तिला धरलं, तिसऱ्याने तिथले केस भराभर कापले आणि चौथ्याने टाके घातले. त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रक्त वाहत असताना कुणी गप्पा मारत बसत नाही. पण धरणाऱ्या दोघांमधली एक तिची आई होती, माझी लेक. पोरीने आईच्याच हातात हातपाय झाडले, आईच्याच नावाने टाहो फोडला, आणि आईने तिला सोडलं नाही.

जखम भरली, टाके निघाले. पण त्यानंतर ठिणगीने डोक्याला कुणाचा हात म्हणून लागू दिला नाही. अंघोळीला डोक्यावरून पाणी चालायचं, बोटं चालायची नाहीत. कंगवा दिसला की ती घरभर पळायची. रात्री आईकडे पाठ करून झोपायची. माझ्या पार्लरच्या दारातून आत पाऊल टाकणं तर तिने सोडूनच दिलं, कारण आत कात्रीचा आवाज. बालवर्गात बाईंनी सगळ्या मुलांना रंगीत कागद आणि छोट्या कात्र्या वाटल्या, तेव्हा ही चपलांच्या कपाटामागे जाऊन बसली. शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

न विंचरलेल्या केसांचं जे व्हायचं तेच झालं. कानामागे गुंता झाला, गुंत्याचा गोळा झाला. गोळ्याखाली ओल धरून कातडी लाल झाली, खाजायला लागली. लेक तिला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर लांबूनच बघून म्हणाले, “हे केस काढल्याशिवाय मलम लागणार नाही. सोमवारी आणा. ऐकलं तर ठीक, नाहीतर धरू आणि काढून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे.”

लेक तिथून तडक माझ्याकडे आली. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, जावई कामासाठी परगावी असतात, त्यामुळे शाळेची वेळ सोडली तर दिवसभर ठिणगी माझ्याच घरी. पोरीला बाहेरच्या खोलीत चित्रांचं पुस्तक देऊन लेक स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“आई, मी पुन्हा नाही धरणार तिला.”

“मग नको धरूस.”

“मी नाही धरलं तर दुसरं कोणीतरी धरेल. आणि मी बघत उभी राहीन. ते जास्त वाईट.” मग एकदम माझ्यावरच उखडली. “जगाचे केस कापतेस तू! घरातल्या एका पोरीचं डोकं तुला सांभाळता येत नाही?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तिच्या मानेकडे बघितलं आणि कळलं, राग माझ्यावर नव्हता, स्वतःवर होता. तो मंगळवार होता. सोमवार यायला तसा वेळ होता, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिले दोन प्रयत्न सपशेल फसले. खाऊचं आमिष दाखवलं, तर खाऊ खाऊन पोरगी पसार. मग म्हटलं, बाहुलीचे केस कापून दाखवते, म्हणजे भीती जाईल. ठिणगीने माझ्याकडे असं बघितलं की मी कुणी दरोडेखोर असावी, आणि बाहुली घेऊन गेली. ती बाहुली नंतर पिठाच्या डब्यामागे सापडली, माझ्यापासून लपवलेली. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्वयंपाकघरातल्या खणात अंथरायला कागद कापायचा होता, म्हणून मी टेबलाशी बसले. ठिणगी दारात उभी होती, आत नाही आणि बाहेरही नाही. मी तिच्याकडे बघितलंच नाही. खरं सांगायचं तर बघायला सवड नव्हती, कारण तो कागद काही केल्या सरळ कापला जाईना. केस कापणाऱ्या बाईचा हात कागदावर चालत नाही. केसांना मी अंगठा आणि अनामिका कात्रीत घालते, एक पातं स्थिर ठेवते आणि फक्त अंगठा हलवते. कागदाला ते मानवत नाही. माझा कागद कधी डावीकडे जायचा, कधी उजवीकडे.

“वाकडं झालं,” दारातून आवाज आला.

“दिसतंय मला.”

“खूप वाकडं झालं.”

“मग तू काप सरळ. शहाणी मोठी.”

हे मी काही युक्ती म्हणून बोलले नाही, चिडून बोलले. पण ठिणगीने ते मनावर घेतलं. ती टेबलापासून हातभर लांब येऊन थांबली.

“ती मोठी कात्री आहे. ती टोचते.”

“ही तुझी नाहीच. तुझी वेगळी आणू.”

“ती डोक्याला नाही ना लावायची?”

“कागदाची कात्री कागदाला,” मी म्हटलं, आणि तिने मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे गेलो. त्याने आधी प्लॅस्टिकची कात्री पुढे केली. लहान मुलांसाठी सुरक्षित, म्हणाला. मी त्याच्याच पावतीपुस्तकाच्या कोऱ्या कागदावर ती चालवून बघितली. कागद दुमडला, कापला गेला नाही.

“अहो, कापतच नसेल तर पोरगी जोर लावणार,” मी त्याला म्हटलं. “जोर लावला की हात सटकणार. मग कसली सुरक्षित?”

“आजी, पाच वर्षांच्या मुलीसाठी धारेची कात्री मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“धार हवी. टोक नको.”

त्याने तीन ड्रॉवर उपसून एक काढली. पाती लहान, धार बरी, टोकं बोटाच्या शेंड्यासारखी गोल. ठिणगीने ती दुकानात हातात घेतली नाही. माझ्या पिशवीत टाकायला लावली आणि घरी येईपर्यंत पिशवीच्या दुसऱ्या बाजूने चालली.

शिकवायला बसल्यावर पहिली चूक माझीच झाली. मी सवयीने तिचा अंगठा वरच्या कडीत घातला आणि अनामिका खालच्या कडीत. चिमुकल्या हाताची अनामिका ती, तिला कसला आधार सापडतोय? कात्री उघडली की कलंडायची, कलंडली की ठिणगी हात झटकायची. आमचा अर्धा तास असाच गेला आणि दोघींची डोकी तापली.

“तू नीट शिकवत नाहीस.”

“तू नीट धरत नाहीस.”

“तूच धरवलीस!”

बरोबर होतं तिचं. मी माझी अनामिका विसरायचं ठरवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वर अंगठा, खाली मधलं बोट, आणि पहिलं बोट बाहेरून कात्रीला टेकवून. दोन्ही कोपरं अंगाला चिकटलेली. कात्री समोर, पोटाकडे कधीच नाही.

“अंगठा कुठे बघतो?” मी विचारलं.

“अंगठ्याला डोळे नसतात.”

“असते तर?”

तिने विचार केला. “छताकडे.”

“तसाच ठेवायचा. त्याने खाली मान घातली की कात्री आडवी होते.”

त्यानंतर दर मिनिटाला ती अंगठ्याला दटावायची. “वर बघ रे!” अगदी माझ्याच आवाजात.

पहिल्या दिवशी कागदाच्या नुसत्या चिंचोळ्या पट्ट्या दिल्या, एका कचक्यात तुकडा पडेल एवढ्या. तुकडा पडला की ती दचकायची आणि मग त्या तुकड्याकडे बघत बसायची. आपण एक गोष्ट केली आणि तिचे दोन भाग झाले, याचं तिला भारी नवल वाटत होतं. थोड्या वेळाने दचकणं थांबलं. टेबलावर रंगीत तुकड्यांचा ढीग झाला. शेवटी तिने तो सगळा माझ्या पदरात भरला आणि फेकायचा नाही अशी ताकीद दिली.

दुसऱ्या दिवशी जाड रेषेवरून कापायचं. तिथे डाव्या हाताचं काम आलं. मुलं सगळं लक्ष कात्रीच्या हाताकडे देतात, आणि बोट कापलं जातं ते दुसऱ्या हाताचं. मी तिला सांगितलं, डावा हात कागद फिरवतो, कात्री फिरत नाही. आणि डाव्या हाताची बोटं कात्रीच्या वाटेत उभी राहत नाहीत.

“उभी राहिली तर?”

“कात्रीला कळत नाही कागद कुठे संपला आणि बोट कुठे सुरू झालं.”

तिने आपल्या बोटांकडे बघितलं आणि ती लगेच मागे घेतली.

बाकीचे नियम भांडता भांडता तयार झाले. कात्री चालते तेव्हा आपण बसतो. आपण चालतो तेव्हा कात्री मिटलेली असते आणि तिची पाती मुठीत असतात. कुणाला द्यायची झाली तर पाती आपल्या मुठीत आणि कड्या त्याच्याकडे. पडली तर झेलायची नाही, पडू द्यायची. हा शेवटचा नियम तिला फार आवडला. एरवी घरात काही पडू दिलं की बोलणी बसायची.

ती ह्या नियमांची इतकी पक्की झाली की मला जगणं मुश्किल केलं. मी पार्लरमधून उठून नुसती स्वयंपाकघरात आले, हातात कात्री तशीच, तर दारातूनच ओरडली, “आजी! मिट!” खुर्चीत बसलेल्या बँकेतल्या बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून खो खो हसल्या. मी मिटली. करते काय?

शनिवारपर्यंत ठिणगी गोल कापायला लागली होती. गोल कसला, बटाट्यासारखं काहीतरी, पण बंद झालेलं. ती पार्लरच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागली होती. कात्रीच्या आवाजाने पळत नव्हती. लेकीला मी फोनवर सांगितलं, होतंय, होईल. आणि कानामागचा गोळा होता तिथेच होता. ती कापत असताना मी त्याच्याकडे बघायचे. त्याच्या कडेने कातडी आणखी लाल दिसत होती. ती मधूनच मान वाकडी करून खांद्याला कान घासायची.

रविवारी लेकीची दुपारची पाळी होती. ठिणगी टेबलाशी बसून कागदाचा मासा कापत होती, जीभ बाहेर, अंगठा छताकडे. मी मागे उभी होते. पार्लरमधून तशीच आले होते, माझी कात्री हातातच होती. मिटलेली होती, हे देवाशप्पथ सांगते. माझ्यासमोर तो गोळा होता आणि त्याच्या मुळाशी केसांची एक बट मोकळी लोंबत होती. मी ती कापणार नव्हते. पण केस समोर आले की माझ्या हाताला माझी परवानगी लागत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती बट अलगद उचलली गेली आणि उजव्या हातातली कात्री हवेतच वाजली. कचक, कचक. आम्ही सगळ्या कापणाऱ्या असंच करतो, केसांना लावायच्या आधी दोनदा रिकामी वाजवतो. त्याला काही अर्थ नसतो, नुसता ताल असतो.

तो ताल तिच्या कानाशी वाजला.

ठिणगीने किंकाळी फोडली नाही. ती खुर्चीवरून खाली उतरली आणि माझ्याकडे वळली. तोंड पांढरं पडलं होतं. तिच्या उजव्या हातात तिची कात्री होती, पाती उघडी. आता ही पळणार, ह्या उघड्या कात्रीसकट पळणार, आणि मध्ये ती खुर्ची आहे, तो उंबरा आहे.

तिने कात्री मिटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, हुंदक्यांनी अख्खं अंग हलत होतं, तरी तिने पाती मुठीत घेतली, मूठ छातीशी धरली आणि एक एक पाऊल टाकत चालत गेली. पळाली नाही. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, खाली वाकली आणि टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसली.

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. ज्या पोरीचा मी आत्ता विश्वासघात केला होता, ती माझंच ऐकत होती.

मी माझी कात्री फडताळावर ठेवली आणि जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. टेबलाखाली माझं डोकं मावत नव्हतं, म्हणून बाहेरूनच बोलले.

“मी चुकले.”

तिचे पाय टेबलाखाली आणखी आत गेले.

“कापणार नव्हते. हाताला सवय आहे मेल्या. पण मी चुकले.”

“तू म्हणालीस कागदाची कात्री कागदाला.”

“म्हणाले होते.”

“तू खोटारडी आहेस.”

एरवी मला कुणी खोटारडी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. “आहे,” मी म्हटलं.

हुंदके कमी झाले. मग आतून आवाज आला, रागाचा, अगदी तिचा नेहमीचा. “मी तुझे कापते. मग बघ तुला कसं वाटतं.”

आता माझ्या केसांबद्दल सांगायला हवं. पांढरे झालेत, पण दाट आहेत, आणि वेणी अजून कमरेपर्यंत येते. पार्लरची जाहिरात म्हणून मी कधी पाटीवर पैसे खर्च केले नाहीत. बायका माझ्या वेणीकडे बघूनच आत यायच्या. म्हातारपणी माणसाला मिरवायला थोडंच उरतं, आणि मला ती वेणी मिरवायला आवडायची.

“ये,” मी म्हटलं.

टेबलाखालून एक डोळा दिसला. “खरंच?”

“खरंच. बाहेर ये आणि बस समोर. कात्री चालते तेव्हा?”

“आपण बसतो,” ती पुटपुटली आणि रांगत बाहेर आली.

आम्ही जमिनीवरच समोरासमोर बसलो. मी वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिचं टोक उलगडून तिथले केस मांडीवर तिच्यापुढे पसरले, मानेपासून आणि तोंडापासून चांगले लांब. तिने अंगठा वर घातला, मधलं बोट खाली. डाव्या हाताने माझे थोडे केस धरले, बोटं मागे. कात्री उघडली आणि थांबली.

“कापू?”

“काप.”

कचक. बोटभर लांबीचे पांढरे केस मांडीवर पडले. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

“अजून कापू?”

“काप.”

कचक. पुन्हा थांबली. “आता हे कापू?”

त्या लहान कात्रीने एका वेळी जेमतेम चार केस कापले जात होते. ह्या हिशोबाने आम्ही उजाडेपर्यंत बसलो असतो. “अगं काप ना सगळे! सारखी काय विचारतेस?”

“विचारायचं असतं,” ठिणगी म्हणाली. कात्रीवरून नजर न हलवता, अगदी साध्या आवाजात. “मला कुणीच विचारलं नव्हतं. आईने पण नाही.”

आम्ही सगळे मोठे तिची भीती कशी घालवायची ह्याच्या खटपटीत होतो, आमिष, बाहुली, कागद, आणि पोरीचं म्हणणं एवढंसं होतं. ते सांगायला तिला कुणी विचारलंही नव्हतं.

“विचार,” मी म्हटलं. “दर वेळी विचार.”

तिने दर वेळी विचारलं आणि मी दर वेळी काप म्हटलं. एकदा मुद्दाम नको म्हटलं, तर तिने कात्री लगेच मागे घेतली, मिटली आणि वाट बघत बसली. मी पुन्हा काप म्हणेपर्यंत तिने हात लावला नाही. वेणीचा शेवट उंदराने कुरतडल्यासारखा झाला. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला तिचं कौतुक वाटत होतं.

मग तिने कात्री मिटली, पाती मुठीत घेतली आणि कड्या माझ्यापुढे धरल्या.

“आता तू. पण विचारायचं.”

“तुझ्याच कात्रीने?”

“हीच. तुझी नाही.”

ती माझ्याकडे पाठ करून बसली. खांदे कानांपर्यंत चढलेले. मी आधी हात तिला दिसेल असा पुढे आणून दाखवला.

“डोक्याला हात लावू?”

“... लाव.”

किती दिवसांनी माझी बोटं तिच्या केसांत गेली! मी गोळ्याच्या खालची पहिली बट धरली. “कापू?”

“नको.”

मी कात्री मिटून जमिनीवर ठेवली आणि बट सोडली. ती वळून बघून खात्री करून घेऊन पुन्हा पुढे वळली.

“आता विचार.”

“कापू?”

“थांब.”

थांबले. असं तिने चार-पाच वेळा केलं. परीक्षा घेत होती, आणि मी आयुष्यात इतक्या धीराने कुणाची वाट बघितली नसेल. शेवटी खांदे थोडे खाली आले. “काप,” ती म्हणाली, आणि मी कापलं. एक बट. मग विचारलं. मग दुसरी. गोल टोक कातडीला लागलं तरी टोचत नव्हतं, त्यामुळे मला मुळापर्यंत जाता येत होतं. गोळा एका बाजूने सुटायला लागला, लोंबायला लागला, आणि एका ‘काप’सरशी माझ्या हातात आला. तो मी तिला दाखवला.

“हा माझ्या डोक्यात होता?”

“होता.”

“घाण आहे,” ती म्हणाली, आणि मग आश्चर्याने मान हलवून बघितली. मान हलकी झाली होती.

कानाच्या अगदी वर, व्रणाला लागून, एक झुपका राहिला होता. “कापू?” मी विचारलं. तिने बोटाने तो व्रण चाचपला.

“हा नको.”

“बरं. हा राहू दे.”

तेवढ्यात मला जाणवलं की दारात कुणी उभं आहे. लेक आली होती. कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. खांद्याला पर्स तशीच, हातात डॉक्टरांनी दिलेल्या मलमाची पिशवी, आणि डोळे भरलेले. जमिनीवर माझे पांढरे केस आणि पोरीचे काळे केस एकत्र पडले होते. पोरीच्या कानामागचा सगळा भाग उघडा, त्याच्या वर एक झुपका उभा. इतका वाईट हेअरकट माझ्या हातून कधी झाला नव्हता.

“तो एवढा राहिलाय,” लेक हळूच म्हणाली.

“तो ती नको म्हणाली,” मी म्हटलं.

लेकीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या वेणीकडे, मग ठिणगीकडे. मोरीत जाऊन हात धुऊन आली, आमच्याशेजारी जमिनीवर बसली आणि मलमाची नळी उघडली. लाल कातडी आता समोर होती, उघडी. तिने बोटावर मलम घेतलं आणि हात पुढे केला. मध्येच थांबवला.

“लावू?”

ठिणगी आईकडे बघत राहिली.

“धरणार नाहीस ना?”

“नाही धरणार,” लेक म्हणाली. “तू नको म्हणालीस तर लावणारही नाही.”

ठिणगीने उठून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, दुखरा कान वर करून, आणि डोळे मिटून घेतले.

“लाव,” ती म्हणाली. “हळू.”